चामड्याच्या सीटवरून झरीपर्यंत

सायकलला नवी सीट बसवणं, हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस होते. सीट मी बोरी अरबहून आणली होती. तिथला एक सायकलवाला दुकान मोडत होता. त्याच्या माळ्यावर ही एक सीट कितीतरी वर्षं कागदात गुंडाळून पडली होती. खरं जाड चामडं, पुढं नाकासारखा निमुळता भाग, मागं दोन स्प्रिंगा. हल्ली सगळे रेग्झिनची फोमवाली सीट घेतात. ही कोणाला नको होती म्हणून मी घेतली.

मी खाली बसून पाना फिरवत होतो आणि माझी बायको वत्सला हँडल धरून उभी होती. सीट सरळ बसली का तिरपी, ते खालून दिसत नव्हतं. तिनं घरातून एक निंबू आणलं आणि सीटच्या मधोमध ठेवलं. ते नाकाकडं घरंगळलं. मी नाक वर केलं, तर मागं गेलं. तिसऱ्या वेळी जागच्या जागी थांबलं. मग तिनं सीटवर बोटाच्या हाडानं ठोकून पाहिलं.

"हे सीट नाई, पाटा हाय," ती म्हणाली. "आता तुमी वरवंटा."

मी सांगितलं की ही बसून बसून नरम होते, दुकानदार म्हणे शंभर कोस चालवा लागते.

"शंभर कोस? तुमाले कोपऱ्यावरून दूध आणाचा कटाळा."

निंबाचं सरबत करून दोघंही प्यालो. दुसऱ्या दिवशी ती चुलीपुढं बसली ती उठलीच नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

लिहायचं ते झरीच्या वाटेचं. झरी जामणी तालुक्यात जंगलाच्या कडेला एका गावात वत्सलाची मोठी बहीण राहते, पार्वताआक्का. माझी आकडसासू (बायकोची मोठी बहीण). आईबाप लवकर गेले, वत्सलाला तिनंच लहानाचं मोठं केलं. आमच्याकडं सवाष्ण बाई गेली की माहेरचं लुगडं तिच्या अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आक्का ते लुगडं घेऊन तीन एसट्या बदलत आली, तेव्हा चिता पेटून तास झाला होता. स्मशानाच्या वाटेवरूनच ती मागं फिरली. घरात आली नाही, पाणी प्यायली नाही, तेरवीलाही आली नाही. लोकांनी घाई केली, असा निरोप मी दोनदा धाडला. उत्तर नाही. दुःखाच्या घरचं पाणी नाकारलं म्हणजे नातं तुटल्यात जमा असते. आणि वत्सलाच्या माहेरचं म्हणायला तेवढी एक आक्काच उरलेली. तिच्या हातचं पाणी मला मिळते का नाही, हे पाहायला मी सहा महिन्यांनी, मार्गशीर्षात आर्णीहून निघालो.

एसटी आहे, मग सायकल कायले, असं गल्लीतल्या सगळ्यांनी विचारलं. एसटी सकाळी बसवते आणि दुपारी उतरवते. तेवढ्या वेळात काय बोलायचं ते माझं ठरलं नसतं. शिवाय सीट तशीच कोरी पडली होती. शंभर कोसांची गोष्ट खरी का खोटी, हेही मला पाहायचं होतं.

निघायच्या आधी एक चूक केली. चामड्यातलं मला समजते, असा माझा समज होता. मी चौथी शिकलेला, पण पस्तीस वर्षं जिनात (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) काढली. आमच्या यंत्रांचे रूळ चामड्याच्या चकत्यांचे, आणि जुन्या काळी इंजिनाचे पट्टेही चामड्याचे होते. पट्टा कडक झाला, घसरू लागला, की आम्ही त्याला एरंडेल पाजायचो. पट्टा कसा मऊ होऊन चाकाला धरायचा. तेच मी सीटला केलं. वरून एरंडेल, खालून एरंडेल, दोन दिवस उन्हात. सीट पीत गेली, मी पाजत गेलो. तिसऱ्या दिवशी हात फिरवला तर लोण्यासारखी. मी खूश. म्हटलं, दुकानदाराला काय कळते.

सकाळी थंडीत निघालो. कॅरिअरला एक घोंगडी, पिशवीत भाकरी, ठेचा, कांदा. आर्णी सोडली की घाटंजीच्या अंगानं रस्ता वरखाली होत जातो. दोन्हीकडं पऱ्हाटी (कपाशीची झाडं) पांढरी फुटलेली, मधून तुरीच्या पट्ट्यांना पिवळा फुलोरा. ते दिवस कापसाचे फिरलेले दिवस होते. भाव पडलेला, म्हणून लोक कापूस विकत नव्हते, घरात भरून ठेवत होते. रस्त्याकडेच्या एका घराच्या खिडकीतून कापूस बाहेर आलेला दिसला. घरातली माणसं ओसरीवर निजत होती, कारण घरात कापूस निजलेला. कापूस घरात राहिला की अंगाला खाज सुटते. ओसरीवरचा म्हातारा पाठ खाजवत होता, मी त्याला रामराम केला, त्यानं खाजवत खाजवतच हात वर केला.

पहिले चार-पाच कोस सीट झकास. मला नवल वाटत होतं की माणसाचा सगळा भार शेवटी दोन हाडांवर येतो आणि साठ वर्षं ती हाडं कुठं आहेत हे मला माहीतच नव्हतं. आता दोन्ही सापडली. ऊन चढलं तशी सीट खाली जाऊ लागली. मध्ये झोळी झाली, बाजूचं चामडं फाकून मांड्यांना घासू लागलं, आणि प्रत्येक खड्ड्याला खालची लोखंडी सळई लागायची. उतारावर मी उभा राहून सायकल सोडत होतो. चढावर तर उतरूनच चालत होतो. शाळेतून येणाऱ्या दोन मुली हसल्या. हसण्यासारखंच होतं.

घाटंजीला पोहोचलो तेव्हा चार वाजले असतील. आधी तर्री-पोहे खाल्ले (पोह्यांवर झणझणीत रस्सा), तेही उभ्यानं. मग सायकल दुकान शोधलं. दुकानदारानं सीट पाहिली आणि डोक्याला हात लावला नाही एवढंच. म्हणाला, ही काढून टाका, फोमची बसवून देतो. मी नाही म्हटलं. मग त्यानं एसटी स्टँडजवळच्या मोच्याकडं बोट दाखवलं. किसनभाऊ त्याचं नाव. माझ्याच वयाचा, जाड चष्मा. त्यानं सीटवर अंगठा दाबला, अंगठ्याचा वास घेऊन पाहिला.

"एरंडेल?"

मी हो म्हटलं.

"किती?"

"वाटीभर. दोनदा."

"हिले काय पोट साफ कराचं होतं का जी?"

मी त्याला पट्ट्यांचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, पट्ट्याला वाकायचं असते, म्हणून त्याला तेल. सीटला ताणून राहायचं असते. तिला तेल म्हणजे बोटाला लागेल तेवढंच, तेही वरून, तेही वर्षातून कधी. चामडं तेलानं नरम होत नाही, माणूस बसून त्याच्या हाडांपुरतं दबते, बाकीचं कडकच राहते आणि तोच त्याचा आधार. पस्तीस वर्षं चामड्याच्या रुळांपाशी उभा राहिलो, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मांडी घालून त्याच्यासमोर बसलो. म्हणजे बसायचा प्रयत्न केला.

त्यानं सीट चुलीतल्या कोरड्या राखेनं चोळली. राख तेल ओढून काळी झाली, ती झटकली, पुन्हा चोळली. असं चार वेळा. सीटच्या नाकाखाली एक लांब बोल्ट असतो, त्याची चक्री फिरवली की चामडं पुढं ताणलं जाते. त्यानं ती अर्धा-अर्धा फेरा करत फिरवली. बोल्टचे आटे संपले तरी झोळी थोडी राहिलीच. मग त्यानं सीटच्या दोन्ही पाखांना (बाजूला लोंबणारं चामडं) खालच्या काठाला चार-चार भोकं पाडली आणि चामड्याची वादी (बारीक पट्टी) या बाजूची त्या बाजूला ओवून आवळली. फाकलेली पाखं आत आली, वरचा भाग उचलला. ठोकलं तर पुन्हा ठक वाजलं. पाट्यासारखं नाही, पण वाजलं.

मग तो पाना घेऊन सीटचं नाक खाली करू लागला. म्हणाला, मागं स्प्रिंगा आहेत, माणूस बसला की मागची बाजू दबते आणि नाक वर येते. ते बोटभर खाली पायजे.

मी म्हटलं, त्याला हात लावू नका.

"काहून?"

"घरच्या बाईनं बसवली. निंबू ठेवून."

"निंबू मोकळ्या सीटवर ठरलं असन. तुमी बसल्यावर ठरलं पायजे ना. बाईले म्हणा, मोच्यानं सांगतलं."

"बाई राह्यली नाई."

त्यानं पाना खाली ठेवला. वादीची गाठ पुन्हा एकदा तपासली, गरज नव्हती तरी. मग स्वतःचा चहा मला दिला आणि दुसरा मागवला.

रात्री देवळाच्या ओसरीवर पडलो आणि उजाडताच पांढरकवड्याचा रस्ता धरला. आता सागवान दिसू लागलं. पानं वाळलेली, वारा आला की कोणी कागद चुरगाळल्यासारखी वाजतात. सीट आता खाली जात नव्हती, पण किसनभाऊचं खरं होतं. नाक वर येऊन पुढच्या बाजूला टोचत होतं आणि पाय सुन्न होत होते. तासाभरानं उतरायचं, पाय झटकायचे, पुन्हा बसायचं. एका उतारावर बाभळीचा काटा घुसून मागचं चाक बसलं. पंक्चर काढणारा दीड कोसावर. तेवढं चाललो. खरं सांगतो, बरं वाटलं.

पांढरकवड्याच्या अलीकडं एका जिनासमोर बैलगाड्या आणि टेम्पोंची रांग लागली होती, पार वळणाच्या पलीकडं गेलेली. रांगेत तिसरा दिवस उजाडलेले लोक गाडीखालीच स्वयंपाक करत होते. आत माल घ्यायचा का नाही, कोणत्या प्रतीचा ठरवायचा, याचा वाद चाललेला. मला जिनाचा आवाज ऐकून राहवलं नाही. फाटकावरच्या चौकीदाराला म्हटलं, पस्तीस वर्षं हेच केलं, एक चक्कर मारू द्या. त्यानं सोडलं. यंत्रं नवी, पण रूळ तेच, चामड्याच्या चकत्यांचे. मी हात जवळ नेऊन पाहिला. तेल कुठंच नव्हतं. रूळ कोरडे ठणठणीत. तेव्हा आठवलं की रुळांना आम्हीही कधी तेल लावत नव्हतो. रुळाला तेल लागलं तर कापूस डागतो. तेल फक्त पट्ट्यांना. पस्तीस वर्षं दोन्ही चामडी रोज पाहिली आणि घरी येऊन सीटला नेमकं उलटं केलं.

तिसऱ्या दिवशी हमरस्ता सोडून पूर्वेला झरीच्या अंगानं वळलो. वस्ती पातळ झाली. जंगलाला लागून छोटी छोटी शेतं, पावसाच्या भरवशाची. एका पळसाखाली थांबलो. पाय पार मेले होते. पिशवीतून पाना काढला आणि सीटकडं बराच वेळ पाहत बसलो. वत्सला असती तर काय म्हणाली असती, हे मला चांगलं माहीत होतं. म्हणाली असती, निंबाचं काय घेऊन बसले, बसाचं तुमाले हाय. बोल्ट सैल केला, नाक बोटभर खाली केलं, आवळलं. बसून पाहिलं. टोचणं थांबलं. दोन दिवस मी उगाच भोगलं होतं.

तेवढ्यात बांबूचा भारा घेऊन एक कोलाम (इकडचे आदिवासी) गृहस्थ आला. भारा उतरवून तो खाली वाकला आणि सीटखालची वादी निरखू लागला.

"सायकलीले बूट घातला का जी?"

मी म्हटलं, हो, थंडी वाजत होती तिला. तो हसला. बसून पाहू का म्हणाला. बसला, लगेच उतरला. त्याला ती रुतली. मला तीन दिवसांत पहिल्यांदा वाटलं की ही आता माझी होऊन राह्यली. आक्काच्या गावची वाट त्यानंच दाखवली. म्हणाला, नाल्यानंतर डावीकडं, आणि म्हातारी तिखट आहे.

ते मला माहीत होतं.

आक्का अंगणात कापसातला कचरा वेचत बसली होती. पुढच्या खोलीत कापूस छतापर्यंत. मी सायकल कुडाला टेकवली. तिनं मान वर केली, खाली घातली. बसा म्हटलं नाही. मी उभाच राहिलो, तसंही बसवत नव्हतं.

कचरा वेचता वेचताच तिनं विचारलं, सायकलवर आले का. मी हो म्हटलं. काहून, म्हणाली. तीन दिवस घोकलेलं सगळं विसरलो. जे खरं होतं तेच तोंडातून निघालं.

"लोकाईनं घाई नाई केली, आक्का. मीच म्हटलं, उचला."

तिचे हात कापसात तसेच थांबले. "मी येऊन राह्यली हे माईत होतं तुमाले?"

"माईत होतं. तुमचा पांढरकवड्याहून फोन आलता शेजाऱ्याकडं."

"मंग?"

"ती अजून घंटाभर घरात राह्यली असती, तर मी कोणाले तिले हात लावू देला नसता. लोक समजावत बसले असते अन् मी भांडलो असतो. मले भेव वाटलं."

आक्का उठली नाही, रडली नाही. एक काडी काढून बाजूला ठेवली, मग दुसरी.

"सहा महिने झाले," ती म्हणाली. "दोन निरोप धाडले तुमी. दोन्ही खोटे. अन् लुगडं कोणतं होतं, हे एकदाबी नाई इचारलं."

मी विचारलं, कोणतं होतं.

"हिरवं. लाल काठाचं. तिनंच सांगून ठेवलं होतं, आक्का, मले हिरवं आणजो."

मला हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात ती असलं काही बोलली नव्हती, निदान माझ्याजवळ नाही. मी म्हटलं, मले काई नाई बोलली. आक्का म्हणाली, तुमाले कायले सांगन, तुमी काय लुगडं आणणार होते.

मग ती आत गेली. मला वाटलं दार लावते. ती तांब्या घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. मी प्यालो. पाणी रांजणातलं, थंड. तांब्या परत देताना ती म्हणाली, आता तरी बसा. मी म्हटलं, बसवत नाई आक्का, सीटनं सोललं.

"उभ्यानं जेवा मंग. मी काय करू?"

जेवलो, उभ्यानंच, चुलीपाशी. सोलेभाजी (तुरीच्या ओल्या दाण्यांची रस्साभाजी), ज्वारीची भाकर, वर कच्चं तेल. भाजी वत्सलाची असायची तशीच होती. ती इथंच शिकली असणार, हे मला आत्ता सुचलं. दुसरी भाकर आक्कानं न विचारता वाढली.

परतीचं फार सांगण्यासारखं नाही. रस्ता तोच, फक्त चढ होते तिथं उतार. घाटंजीला किसनभाऊला सीट दाखवली. दोन हाडांच्या जागी दोन उथळ खळगे पडले होते, बाकी चामडं ताठ. त्यानं बोट फिरवलं आणि वादी अजून थोडी आवळली, बाकी कशाला हात लावला नाही. शंभर कोस काही लागत नाहीत, सत्तरात काम होते. पण ते सत्तर कोस बसावंच लागते, त्याला दुसरा उपाय नाही. एरंडेल पाजून लवकर उरकू म्हटलं तर नुकसान होते. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी लवकर उरकल्या. वाचणाऱ्यानं घ्यायचं ते घ्यावं, मी काही शिकवायला बसलो नाही.

आक्काच्या घरची दुसरी सकाळ मात्र सांगायची राहिली. मी निघायच्या बेतानं सायकल बाहेर काढली, तर आक्का कमरेला ओटी (वेचलेला कापूस ठेवायला बांधायचं फडकं) बांधून शेतात निघाली होती. वेचायला मजूर मिळत नव्हते आणि पऱ्हाटी फुटून गळायला आलेली. मी सायकल परत कुडाला लावली. आतून ओटी करायला एक जुनी चादर घेतली आणि तिच्यामागं गेलो. तिनं पाहिलं आणि मला ओळ दाखवली.

पस्तीस वर्षं माझ्या हाताखालून डोंगराएवढा कापूस गेला, पण झाडावरून एक बोंड मी कधी तोडलं नव्हतं. बोंडाची वाळलेली टोकं नखाशी रुततात. कापूस ओढला की पानाचा चुरा सोबत येतो. आक्का दोन्ही हातांनी एकदम वेचत होती, आणि तिचा कापूस स्वच्छ. तिनं माझ्या ओटीत डोकावलं.

"पस्तीस वर्सं कापूस पाह्यला म्हन्ता, अन् येचता येत नाई?"

मी म्हटलं, आमच्याकडं आलेला पाह्यला, इथं नव्हता पाह्यला. तिनं माझं बोट धरून दाखवलं, खालून तीन बोटं घालायची आणि पिरगाळून घ्यायचं, ओढायचं नाही. दव वाळलं, ऊन आलं. दहा वाजेपर्यंत माझी एक ओळ झाली आणि तिच्या चार. मग मी दुसऱ्या ओळीला लागलो.